तेरा रत्तलांचा चाप

सांगलीच्या दुकानदाराने माझ्या हातातला काटा पाहिला आणि तो हसला. काटा स्प्रिंगचा होता, वरच्या कडीत बोट घालून धरायचा, खाली आकडा असलेला. आमच्याकडे त्यावर शेंगा आणि कापूस तोलत. त्यावरचे आकडे रत्तलांचे होते; रत्तल म्हणजे अर्ध्या किलोला थोडा कमी. किलो येऊन काही वर्षे झाली होती, पण काटा जुना होता आणि भरवशाचा होता. निघण्यापूर्वी मी तो ऑफिसातल्या प्रमाणित वजनांवर तपासला होता. दहा रत्तलांना तो पाव रत्तल कमी दाखवी. तेवढे मी धरून चाललो होतो.

"शेंगा आणल्यात का साहेब?" दुकानदार म्हणाला.

"नाही. तुमचे चाप तोलायचे आहेत."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "तीस वर्षं हत्यारं विकतोय. लोक नळीत बघतात, मूठ दाबून बघतात. एक इनामदार तर वास घेऊन बघायचे. काटा लावणारं गिऱ्हाईक पहिलंच."

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षीचा तो वैशाख. आमची मंडळी माझ्या शेजारी बाकावर पदर सावरून बसली होती, कारण परवाना तिच्या नावावर होता आणि सही तिला करायची होती. परदेशी हत्यारे येणे त्या दिवसांत जवळजवळ थांबले होते. दुकानात दोनच पिस्तुले होती, दोन्ही वापरलेली, दोन्ही बत्तीस बोअरची. दुकानदाराने ती हिरव्या कापडावर शेजारी शेजारी ठेवली, दोन्ही रिकामी आहेत हे दोनदा दाखवले, आणि तिसऱ्यांदा मी स्वतः पाहिले.

"ही सिंगल," तो म्हणाला. "हिचा चाप एकच काम करतो. मागं चढवून ठेवलेला घोडा, म्हणजे हा गोळीवर आपटणारा, सोडायचं. घोडा आधी तुम्ही चढवायचा. एकदा चढला की चाप लोण्यासारखा. आणि ही डबल. हिचा घोडा खाली बसलेला असला तरी चालतं. चाप ओढत गेलं की घोडा आपला आपण मागं जातो आणि सुटतो. पहिल्या गोळीला जोर लागतो. दुसरीपासून हीसुद्धा सिंगलसारखीच."

त्याने पिस्तूल दोन्ही हातांनी टेबलाला टेकवून धरले आणि मी चापात आकडा अडकवून ओढले. प्रत्येक चाप तीन वेळा. सिंगलचा तिन्ही वेळा पाच रत्तलांना सुटला. डबलची पहिली ओढ दोनदा तेराला, एकदा साडेतेराला. घोडा चढवून घेतल्यावर साडेपाचला. मी वहीत लिहून घेतले.

मग मंडळीने दोन्ही हातात घेऊन पाहिली. सिंगलचा चाप तिने दोनदा ओढला, डबलचा एकदा.

"मला हे हलकं बरं वाटतंय," ती म्हणाली.

"का?"

"आसंच."

'असंच' हे कारण मी आयुष्यात कधी धरले नाही. दुकानदाराला आठवडाभर दोन्ही राखून ठेवायला सांगितले आणि आम्ही परतलो.

मी साताऱ्याला पाटबंधारे खात्यात होतो. ठिकठिकाणच्या नद्यांच्या पाण्याच्या उंचीचे रोजचे आकडे येत, ते तपासून त्यांचे तक्ते करणे हे माझे काम. आठवडा साताऱ्याच्या दोन खोल्यांत काढायचो. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की कऱ्हाडवरून एस.टी. बदलून कडेगावच्या बाजूला आमच्या वस्तीवर जायचो. पोहोचायला पाच वाजत. रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत.

वस्तीवरची जमीन मंडळीच्या वडिलांची, सहा एकर अकरा गुंठे, निम्मा ऊस. तिला भाऊ नव्हता. वडील गेल्यावर जमिनीवर तिचे नाव लागले, पण चुलत्याच्या घराबरोबर सामाईक. दोघा भावांनी वाटणी तोंडी केली होती, कागदावर कधीच नाही. विहीरही सामाईक, पाळ्या ठरलेल्या: आमचा रविवार आणि गुरुवार, बाकीचे दिवस त्यांचे. चुलता म्हातारा होता. सगळा कारभार त्याच्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे मंडळीच्या चुलतभावाच्या हाती. लेकीला साडीचोळी द्यायची असते, जमीन नाही, असे त्याचे मत होते, आणि गावात बहुतेकांचे तेच होते. कायदा बदलून दहा वर्षे झाली होती. मतांना त्याची वर्दी पोहोचली नव्हती.

आमची एकुलती मुलगी लग्न होऊन फलटणला गेली, त्यानंतर मंडळी वस्तीवर राहायला गेली. मी म्हणालो होतो, साताऱ्याला चल, जमीन वाट्याने लावू. ती म्हणाली, "कायद्यानं दिली, पर बसाय मलाच पायजे. मी हितनं उठले की गेली जमीन." ते खोटे नव्हते.

आधी आमच्या पाळीच्या दिवशी पाटाचा बांध फुटायचा. मग इंजिनाचा पट्टा नाहीसा झाला. फाल्गुनात एका दुपारी ती आत भाकरी करत असताना चुलतभावाने बाहेरून दाराला कडी लावली आणि तो ओट्यावर विडी ओढत बसला. दीड तास बसला होता. अधूनमधून घरच्या माणसाशी बोलावे तसा बोलत होता. "आक्का, वर पाचट हाय. आग लागली तर कुटनं निगशील गं?" मग कडी काढून निघून गेला.

मी वस्तीपासून सर्वांत जवळच्या घरापर्यंत पावले मोजली. अकराशे वीस भरली. ओरडलेले ऐकू जात नाही, तेही पाहिले.

फौजदार म्हणाले, "कडी लावली आणि काढली, यात मी गुन्हा कोणता लिहू?" पिस्तुलाच्या परवान्याची चौकशी त्यांच्याकडेच आली तेव्हा ते म्हणाले, "बाईंच्या नावावर पिस्तूल? मग तुम्ही काय, लाटणं घेणार?" पण अहवाल त्यांनी खरा दिला. धोका तिला होता, म्हणून अर्ज तिचा, असे मी अर्जात लिहिले होते. दोन महिन्यांनी परवाना आला.

पिस्तुलाची कल्पना मंडळीच्या मामांची. मामा पलटणीतून जमादार होऊन निवृत्त झालेले, दोन कोसांवर राहणारे, सत्तरीला टेकलेले. त्यांच्याकडे बारा बोअरची लांब बंदूक होती. ती दाराच्या आत वळवता येत नाही, हे त्यांनीच मला दाखवले होते. आम्ही सांगलीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते सायकलवरून निकाल ऐकायला आले.

"सिंगल," त्यांनी मी बोलायच्या आधीच सांगितले. "जावईबापू, सिंगल घ्या. घोडा चडवून, खटका लावून ठिवायचं. येळ आली की आंगट्यानं खटका पाडला, बोट लावलं, झालं. लडाईत मी तेच वापरलं."

"मामा, लढाईत पिस्तूल तुमच्या कमरेला होतं. इथं आठवडाभर डब्यात राहणार. चढवलेला घोडा, आत गोळी, आणि मधे अडवायला एवढासा खटका."

"मग? खटका काय बिनकामाचा आसतो व्हय?"

"पाच रत्तलांचा चाप चुकून ओढला जाईल. तेराचा चुकून ओढला जाणार नाही."

"चुकून न्हाई तर न्हाई, मुद्दाम तरी वडला जाईल का?" मामांनी मंडळीकडे पाहिले. "काय गं पोरी?"

ती भांडी घासत होती. तिने पुढचे पातेले ओढून घेतले.

"तेच आपण तोलून पाहू," मी म्हणालो.

सुताराकडून मी बाभळीची पिस्तुलाच्या मुठीएवढी मूठ करून घेतली होती. ती पुढच्या खांबाला बांधली. काटा त्याच्यापुढे खुंटीला अडकवला, आणि आकड्याला सुतळीचा फासा घालून त्यावर चिंधी गुंडाळली, म्हणजे बोट कापणार नाही. मंडळीने मुठीवर पंजा धरून पहिल्या बोटाने फासा ओढायचा. आदल्या दिवशी पाच वाजता आल्या आल्या तिने तीन वेळा ओढून दाखवले होते: सतरा, सोळा, सोळा. मामांच्या समोर पुन्हा घेतले. दुपारचे तीन वाजले होते. सोळा, सतरा, सोळा.

मी सरासरी धरली नाही. सर्वांत कमी आकडा धरला, सोळा. तेराला पुरून तीन रत्तल शिल्लक राहत होते. धरणाच्या भिंतीच्या उंचीलासुद्धा एवढ्या प्रमाणात जादा धरत नाहीत, असे मी मामांना सांगितले.

"मी फकस्त एवडंच म्हनतो," मामा उठता उठता म्हणाले, "की पोरगीला हलकं आवडलंय."

"तुमी म्हनताय तर जड घ्या," मंडळी म्हणाली.

आम्ही डबल घेतले.

त्याची रीत मी ठरवून दिली होती. वरचा लोखंडी भाग मागे खेचून गोळी आत चढवायला दोन्ही हातांचा जोर लागे. तो तिच्याच्याने होत नव्हता आणि बऱ्याच पुरुषांच्यानेही होत नाही. म्हणून रविवारी निघण्यापूर्वी ते काम मी करायचे. परवाना तिचा, तेव्हा हात माझा असला तरी ती समोर बसलेली असली पाहिजे. मग खटका खाली करून घोडा अलगद बसवायचा, खटका पुन्हा वर, म्हणजे चाप ओढायला मोकळा, आणि पिस्तूल डाळीच्या रिकाम्या डब्यात. तिने करायचे ते एकच: डबा उघडायचा, धरायचे, आणि चाप शेवटपर्यंत ओढायचा.

ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, कोरड्या ओढ्यात तिने पाच गोळ्या उडवल्या. दहा पावलांवर रॉकेलचा रिकामा डबा ठेवला होता. पहिली गोळी मातीत गेली. पुढच्या चारांपैकी तीन डब्याला लागल्या. मामा टाळ्या पिटत डब्यापर्यंत धावत गेले आणि भोकांतून बोट घालून दाखवू लागले. "लय झ्याक! पलटणीत आसतीस तर तुला मीच पट्टी लावली आसती!" मंडळी तोंडाला पदर लावून हसत होती. तिचा उजवा हात तिने डाव्या काखेत धरला होता. मला वाटले, धक्क्याने झिणझिण्या आल्या असतील.

आवाज भावकीने ऐकला होता. त्यानंतर सहा महिने बांध फुटला नाही. त्या सहा महिन्यांत मी साताऱ्याला रोज पुरती झोप घेतली, हे लिहून ठेवले पाहिजे, कारण ती झोप मी चुकीच्या हिशोबावर घेतली होती.

पौषात एका शनिवारी मी वस्तीवर पोहोचलो. मंडळी ओट्यावर बसली होती. डाळीचा डबा तिच्या मांडीवर होता.

"गुरुवारी त्यो आल्ता," ती म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली. "कुठपर्यंत?"

"दारात. हातात कोयता."

"उगारला?"

"न्हाई. नुस्ता हातात. तोडणीचं दिस हायत, कोयता कुनाच्या हातात न्हाई? म्हनला, आक्का, आजपास्नं बेस्तरवारची पाळी आमची. बाईमानसाला पाणी धराय जमत न्हाई. मी म्हनलं, मागं हो. त्यो म्हनला, न्हाई झालो तर? आन उंबऱ्यावर पाय ठिवला. तवा मी काडलं."

"किती वाजले होते?"

"दिस उगवायचा हुता. गडी न्याहारीच्या वक्ताला येत्यात, तुमाला ठावं हाय."

"मग?"

"मग वडलं." ती आपल्या बोटाकडे बघत होती. "घोडा उठला. माज्या डोळ्याम्होरं उठला. अर्दा. मग बोटच ऱ्हायलं न्हाई. परत बसला. दुसऱ्यांदा वडलं, तवा एवडाबी उठला न्हाई."

मी विचारले, "तो काय करत होता?"

"बघत हुता. आदी रंग उडाला त्येचा. मग माज्या हाताकडं बघाय लागला. म्हनला, आक्का, तुजा हात काय झाला गं?"

त्याने कोयता खाली ठेवला होता. तिच्या हातातून पिस्तूल त्याने काढून घेतले, हिसकावले नाही. बोटे त्याच्याभोवती आखडली होती ती एकेक करून सोडवावी लागली. ते कणगीच्या झाकणावर ठेवून त्याने चूल पेटवली, पाण्याचे पातेले चढवले, आणि कोमट झाल्यावर तिच्यापुढे सरकवले. "आईचं बी आसंच झालं हुतं," तो म्हणाला. "पाटंचं लाकडावानी व्हायाचं." त्याची आई म्हणजे हिची चुलती. मग कोयता उचलून तो निघून गेला. त्या गुरुवारी पाणी कोणीच धरले नाही.

"हलकं आसतं तर त्यो मेला आसता," मंडळी म्हणाली. "आन मी तुरुंगात. बरं झालं का वाईट, मांडा तुमच्या वहीत."

"तू मला सांगितलं का नाहीस? हाताचं?"

"सांगितलं आसतं तर तुमी साताऱ्याला न्हेलं आसतं."

त्या रविवारी पहाटे मी पाण्यावर गेलो नाही. इतकी वर्षे रविवारी ती मला उजाडायच्या आत उठवून उसाला पाणी द्यायला पाठवायची. मी परत येई तोवर नऊ वाजत आणि ती भाकऱ्या थापत असायची. मी त्या घरात होतो आणि तिची सकाळ मी एकदाही पाहिली नव्हती. माझे सगळे आकडे दुपारचे होते, आणि वैशाखातले. पाटबंधाऱ्यातल्या कोणा कारकुनाने फक्त उन्हाळ्यातल्या दुपारचे आकडे घेऊन नदीचा तक्ता केला असता, तर मी तो त्याच्या अंगावर फेकला असता.

तिने अंथरुणातच उठून बसून दोन्ही मुठी उघडायचा प्रयत्न केला. उघडल्या नाहीत. तांब्या तिने दोन्ही मनगटांत धरून उचलला. बोटांची पेरे सुजून वर आली होती, आणि पहिले बोट बाहेरच्या बाजूला किंचित वाकले होते. ते मी दुपारीसुद्धा पाहू शकलो असतो.

"तोलायचं हाय नव्हं?" ती म्हणाली. "तोला."

सहा वाजता चार रत्तल. साडेसातला सहा. नऊला नऊ. अकराला बारा. दुपारी चारला चौदा, त्यापुढे काटा हलेना. म्हणजे सकाळी पाच रत्तलांचा चापसुद्धा तिच्याने सुटला नसता. आणि तो सुटला नसता यात मला काही दिलासा वाटला असेल, तर तोही पुरता नव्हता. गुरुवारी तिने तेराचा घोडा अर्धा उठवला होता. भीतीने बोटात किती रत्तल वाढतात, हे मला कसे कळणार?

दोन दिवसांची रजा घेऊन मी तिला मिरजेला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी एकेक पेर दाबून पाहिले आणि विचारले, "सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?"

"न्याहारीपतोर."

"असं किती दिवस?"

"तीन वर्सं झाली की."

लग्नाला चोवीस वर्षे झाली होती. डॉक्टर माझ्याकडे न बघता लिहीत राहिले. गोळ्यांनी दुखणे कमी होईल, ताकद परत येणार नाही, पुढे पायही धरतील, थंडीत जपा, असे त्यांनी सांगितले. बरे होईल का, हे मी विचारले नाही. त्यांनी तेही सांगून टाकले.

मिरजेहून सांगली जवळ. दुकानात सिंगल अजून पडून होते. दुकानदाराने मंडळीचे हात पाहिले आणि या वेळी तो हसला नाही. मी माझे आकडे त्याच्यापुढे ठेवले.

"पाच जड होतो," मी म्हणालो. "चाप हलका करता येतो असं ऐकलं आहे."

"येतो. स्प्रिंग कापून तीन रत्तलांवर आणून देणारे आहेत. मी देणार नाही. तीन रत्तलांचा चाप पदराला अडकूनसुद्धा सुटेल. आणि साहेब, खटका अंगठ्यानं पाडायचा असतो. वहिनी, अंगठा वळवून दाखवा."

अंगठा वळला नाही.

"मग यांच्यासाठी कोणतं?"

त्याने सिंगल उचलून कापडात गुंडाळले. "दुकानात नाही. दुसऱ्या कुठल्या दुकानातही नाही. वहिनींच्या सोबतीला माणूस ठेवा."

तो माणूस मीच होतो, आणि माझ्या निवृत्तीला सात वर्षे होती.

मामांना कळले तेव्हा ते येऊन ओट्यावर बसले. मग म्हणाले, "मी सिंगल म्हनलं हुतं."

"सकाळी ते पण सुटलं नसतं, मामा. चार रत्तल भरले."

"तुमचा काटा चुलीत घाला," मामा म्हणाले. "पोरगी हलकं घ्या म्हनली, तवाच इचारायचं हुतं, का म्हनून."

मी विचारले होते. 'असंच' म्हणाली होती. पण मामांना ते मी सांगितले नाही, कारण विचारणे म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा नीट ठाऊक होते.

पुढच्या रविवारी चुलतभाऊ आला, मी घरात असताना, मोकळ्या हाताने. ओट्याखाली उभा राहिला. "दाजी, भांडाय न्हाई आलो. आक्काला हितं एकलीला ठिवू नगा. थंडीत आईचं लय हाल झालं. जमीन आमी बघतो. वर्साला साडीचोळी, ज्वारी, गूळ, काय आसंल ते घरपोच. भाऊ हाय मी तिचा."

फाल्गुनातल्या कडीची मी त्याला आठवण करून दिली.

"केलं हुतं," तो म्हणाला. "न्हाई कुटं म्हनतोय?"

कडी लावणारा माणूस आणि पाणी तापवून देणारा माणूस वेगवेगळे असते, तर मला काय करायचे ते कळले असते.

मंडळीने दोन आठवडे घेतले. तिसऱ्या शनिवारी मी आलो तेव्हा म्हणाली, "गडी न्याहारीला येतो. तवर मला दार बी उगडाय येत न्हाई. आसं जमीन राखणं कशाचं वो? करा कागद."

हक्कसोडीचा कागद तालुक्याच्या गावी झाला. मजकूर मीच वाचून तपासला. गट, क्षेत्र, चतुःसीमा सगळे बरोबर होते. चुलतभावाने रिवाजाप्रमाणे साडीचोळी आणली होती. कचेरी अकराला उघडली, पण निघालो होतो पहाटे, आणि वाटेत गार वारा होता. कारकुनाने टाक पुढे केला. मंडळी चौथी शिकलेली, सही मोडीतही येणारी. तिने टाक धरायचा दोनदा प्रयत्न केला. तो कागदावर आडवा पडला.

"अंगठा लावा बाई, चालतं," कारकून म्हणाला, आणि त्याने रकान्यात 'निरक्षर' लिहायला सुरुवात केली.

"त्यांना लिहिता येतं," मी म्हणालो. "तसं लिहू नका."

"मग करू द्या की सही."

"ऱ्हाऊ द्या वो," मंडळी म्हणाली. "लिवा काय लिवायचं ते."

अंगठा शाईच्या गादीवर टेकवायलाही तिला जमेना. चुलतभाऊ पुढे आला. त्याने तिचे मनगट खालून धरले, अंगठा गादीवर हलकेच दाबला आणि कागदावर दाबला. एकूण चार ठिकाणी. दुखणार नाही अशा बेताने तो दाबत होता. मी शेजारी उभा होतो. साक्षीदार म्हणून माझी सही झाली.

पिस्तूल मी ठाण्यात जमा केले आणि पावती घेतली. फौजदार बदलून गेले होते. नव्यांनी विचारले, "किती गोळ्या उडाल्या?" पाच, मी सांगितले. सगळ्या डब्यावर.

साताऱ्याच्या गाडीत मंडळी खिडकीशी बसली. कऱ्हाड गेले. पुढे नदीवरचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "आज बेस्तरवार न्हवं?"

"हो."

"उसाच्या खालच्या वाकुरीला पाणी चडत न्हाई. मदला बांद आडवून मग सोडाय लागतंय. त्येला ठावं न्हाई."

"कळेल त्याला."

"कळंल," ती म्हणाली. "तवर ऊस वाळंल तेवडा."